विश्लेषण : पाण्यात ब्लूटूथ का थांबतं? पोहताना गाणी ऐकण्यासाठी हेडफोन निवडताना काय पाहायचं?

'वॉटरप्रूफ' शब्द वाचून घेतलेले इअरबड्स तलावात उतरले की मुके होतात, आणि काही दिवसांत कायमचे बंदही पडतात. असं का होतं, आयपी क्रमांक कसा वाचायचा आणि पैसे नेमके कशासाठी मोजायचे, हे खरेदीआधी समजून घ्या.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात वडिलांच्या गुडघ्याचं दुखणं वाढलं आणि डॉक्टरांनी चालणं कमी करून पोहायला सुचवलं. वडिलांचं बालपण सातारा जिल्ह्यातल्या एका गावात गेलं. पाठीला वाळका भोपळा बांधून ते विहिरीत पोहायला शिकले, त्यामुळे पाण्याची भीती नव्हती. तक्रार वेगळीच होती. "विहिरीवर पोरांचा दंगा असायचा. इथं नुसतं इकडून तिकडं जायचं. कंटाळा येतो गं," असं ते दर दोन दिवसांनी म्हणायचे. आठवड्याभरात त्यांनी दोन खाडे केले, तेव्हा मी ऑनलाइन 'वॉटरप्रूफ, आयपीएक्स७' असं ठळक लिहिलेले इअरबड्स मागवले. तलावात नाट्यगीतं ऐकत पोहतील, असा माझा बेत होता.

पहिल्या दिवशी त्यांनी डोकं पाण्यात घातलं आणि गाणं थांबलं. डोकं वर काढलं की सुरू, आत घातलं की बंद. चौथ्या दिवशी उजवा इअरबड कायमचाच गेला. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने तो उघडून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, आत पाणी गेलंय. वॉरंटीत बसत नाही." मी खोक्यावरचा शब्द दाखवला. त्याने खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली ओळ दाखवली, 'पोहताना वापरू नये'. चार वर्षं इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन शिकून मी ती ओळ वाचली नव्हती.

नंतर लक्षात आलं की इथे एक नव्हे, दोन वेगळ्या गोष्टी बिघडल्या होत्या. पहिल्या दिवशी रेडिओ लहरी हरल्या, चौथ्या दिवशी रबराचं सील. दुकानदार आणि जाहिराती दुसऱ्या गोष्टीबद्दल भरपूर बोलतात. पहिलीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

तलावात ब्लूटूथ का तुटतं?

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरी वापरतं. घरातला मायक्रोवेव्ह ओव्हनही जवळजवळ याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. ओव्हनमध्ये वाटीतलं वरण गरम होतं, कारण वरणातल्या पाण्याचे रेणू या लहरींची ऊर्जा शोषून घेतात. तलावातही तेच घडतं. ओव्हनची ताकद शेकडो वॉटची असते, तर ब्लूटूथची जेमतेम काही मिलिवॉटची. त्यामुळे पाणी गरम होत नाही, पण सिग्नल मात्र विरून जातो. हवेत दहा मीटर सहज पोहोचणारा सिग्नल पाण्यात काही सेंटीमीटरांतच संपतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो आणखी लवकर संपतो.

म्हणूनच फोन तलावाच्या काठावर ठेवून उपयोग नाही. वॉटरप्रूफ पाऊचमध्ये घालून कमरेला बांधला तरी नाही, कारण कमर आणि कान यांच्यामध्ये अर्धा मीटर पाणी असतं. मनगटावरच्या स्मार्टवॉचचीही तीच गत. हात पाण्याखाली गेला की जोडणी तुटते. काही हौशी मंडळी घड्याळ गॉगलच्या पट्ट्याला, अगदी कानाशेजारी अडकवतात. अंतर काही सेंटीमीटरच राहिल्याने हा जुगाड कधी चालतो, कधी नाही.

'आमच्यात ब्लूटूथ ५.३ आहे' या वाक्यानेही भुलू नका. आवृत्ती नवी असली तरी लहरींचा पट्टा तोच आहे, आणि पाणीही तेच.

मग पाण्यात गाणी वाजणार कशी?

उपाय जुनाच आहे : गाणी हेडफोनच्या आतच साठवायची. एमपी३ प्लेअर आठवतोय? २००५-०६च्या सुमारास कॉलेजच्या मुलांच्या गळ्यात लटकणारा. पोहण्यासाठीचा चांगला हेडफोन म्हणजे तोच प्लेअर, फक्त कानामागे बसणारा. गाणी आतल्या मेमरीतून थेट स्पीकरकडे जातात, मध्ये रेडिओ लहरींचं काम नाही, त्यामुळे तुटण्याचा प्रश्नही नाही.

म्हणून खरेदी करताना पहिला प्रश्न 'वॉटरप्रूफ आहे का?' हा विचारू नका. 'आत मेमरी किती आहे?' हा विचारा. विक्रेत्याच्या पानावर ४ जीबी, ८ जीबी किंवा ३२ जीबी असा आकडा दिसत नसेल आणि फक्त ब्लूटूथचा उल्लेख असेल, तर ते उपकरण पाऊस-घामासाठी कितीही चांगलं असो, पोहताना गाणी ऐकवणार नाही. तिथेच पुढचं पान उलटा.

किती जीबी पुरतील? हिशेब सोपा आहे. १२८ केबीपीएस दर्जाच्या एमपी३ फाइलला मिनिटाला साधारण १ एमबी जागा लागते. म्हणजे पाच मिनिटांचं गाणं ५ एमबीचं. ४ जीबीत अशी सुमारे ८०० गाणी मावतात. रोज पाऊण तास पोहणाऱ्याला इतकी गाणी एकदा ऐकून संपवायलाच तीन महिने लागतील. ३२ जीबीसाठी जास्त पैसे मोजण्याआधी हे गणित करून बघा.

आयपीएक्स७, आयपीएक्स८, आयपी६८ : कसं वाचायचं?

मेमरीचं उत्तर मिळालं की मग पाण्याचा प्रश्न. 'वॉटरप्रूफ' हा जाहिरातीतला शब्द आहे, आयपी क्रमांक हा चाचणीचा निकाल आहे. आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकात या चाचण्या ठरवून दिल्या आहेत. 'आयपी'नंतरचा पहिला अंक धुळीपासूनचं संरक्षण सांगतो, दुसरा पाण्यापासूनचं. अंकाच्या जागी 'एक्स' असेल तर त्या बाबतीत काही दावा केलेला नाही, एवढाच अर्थ.

आयपीएक्स४ : कोणत्याही बाजूने उडणारे शिंतोडे सहन होतात. व्यायामातला घाम, रिमझिम पाऊस इथपर्यंत ठीक. पोहण्यासाठी नाही. अनेक नामांकित इअरबड्स याच पातळीवरचे आहेत. ॲपलनेही आपले एअरपॉड्स पोहण्यासाठी किंवा शॉवरखाली वापरण्यासाठी नाहीत, असं स्पष्ट सांगितलं आहे.

आयपीएक्स५ : नळीतून येणारी पाण्याची धार सहन होते. बुडवण्याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही.

आयपीएक्स७ : १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं ठेवून चाचणी. टॉयलेटमध्ये किंवा बादलीत पडलं तर वाचेल, असा याचा व्यवहारातला अर्थ. रोजच्या पोहण्याची हमी नाही.

आयपीएक्स८ : आयपीएक्स७पेक्षा कडक अटींवर, पाण्यात सतत बुडवून चाचणी. किती खोल आणि किती वेळ, हे मात्र कंपनीच ठरवते आणि तिने ते जाहीर करायचं असतं. त्यामुळे दोन 'आयपीएक्स८' हेडफोन सारखे असतीलच असं नाही. 'आयपी६८' म्हणजे पाण्याची हीच पातळी, सोबत धुळीपासून पूर्ण संरक्षण.

इथे एक बारकावा आहे. बुडवण्याची चाचणी पास झाली म्हणजे धारेचीही झाली, असं मानक मानत नाही. त्या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. म्हणूनच काही उपकरणांवर 'आयपीएक्स५/८' असे दोन आकडे छापलेले दिसतात. पोहण्यासाठी आयपीएक्स८ किंवा आयपी६८च घ्या आणि त्यासोबत मीटर व मिनिटांचा आकडा लिहिलेला आहे का, ते पाहा. आकडा नसेल तर त्या ८ला फारसा अर्थ नाही.

चाचणी पास, तरी तलावात नापास का?

चाचणीत उपकरण गोड्या, स्थिर पाण्यात शांतपणे ठेवलेलं असतं, आणि तेही नवं कोरं. तलावात परिस्थिती वेगळी असते.

पहिला फरक वेगाचा. विहिरीच्या किंवा तलावाच्या काठावरून सूर मारला की पाण्याला धडकताना क्षणभर दाब वाढतो. ढोबळ हिशेब असा, की जितक्या उंचीवरून उडी माराल, साधारण तितक्याच खोल पाण्याइतका दाब त्या क्षणी समोरून बसतो. १ मीटर उंचीवरून सूर मारला तर १ मीटर खोलीइतका आणि ३ मीटरवरून मारला तर ३ मीटर खोलीइतका. प्रत्यक्षातला धक्का याहून जास्तही असू शकतो. म्हणजे १ मीटरच्या चाचणीचं उपकरण घालून गावच्या विहिरीत वरच्या कठड्यावरून मुटका मारला, तर चाचणीची मर्यादा पाण्याला टेकल्या क्षणीच ओलांडली जाते.

दुसरा फरक पाण्याचा. तलावात क्लोरीन असतं, समुद्रात मीठ. दोन्ही गोष्टी रबराची सीलं, गोंद आणि चार्जिंगच्या धातूच्या पिना हळूहळू खातात. पोहून झाल्यावर हेडफोन तसाच घालून शॉवर घेणाऱ्यांनी साबणापासूनही सावध राहावं. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि जिथे साधं पाणी शिरत नाही त्या फटीतही ते शिरू शकतं.

तिसरा फरक तापमानाचा. उन्हात तापलेल्या गाडीतून काढलेला हेडफोन थेट गार पाण्यात घातला, तर आतली हवा आकसते आणि बारीक फट असेल तर ती पाणी आत ओढून घेते. पाच मिनिटं सावलीत ठेवा, मग उतरा.

कानात घालायचे की हाडावर टेकवायचे?

पोहण्याच्या हेडफोनचे दोन प्रकार आहेत. पहिला, नेहमीसारखा कानाच्या छिद्रात बसणारा. दुसरा, 'बोन कंडक्शन' म्हणजे हाडांवाटे ऐकवणारा.

हाडांवाटे ऐकणं ही कल्पना नवी नाही. कान-नाक-घशाचे डॉक्टर कंप पावणारा धातूचा चिमटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, कानामागच्या हाडाला टेकवून 'ऐकू येतंय का?' विचारतात, ते हेच. आत्ता घरीच एक प्रयोग करून बघा. दोन्ही कानांत बोटं घाला आणि गुणगुणा. आवाज बंद होण्याऐवजी जास्त भरदार येईल. तो कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानापर्यंत पोहोचतो. बोन कंडक्शन हेडफोनमधला छोटा कंपक कानापुढच्या किंवा गालाच्या हाडावर टेकतो आणि गाण्याचे कंप हाडात सोडतो.

जमिनीवर या हेडफोनचा आवाज थोडा पातळ वाटतो, तबल्याचा डग्गा तर हरवतोच. पाण्यात मात्र चित्र बदलतं. पाण्याखाली माणूस एरवीही मुख्यतः हाडांवाटेच ऐकतो. कानांत साधे इअरप्लग घातले की बोटं घालून गुणगुणण्याचा जो परिणाम तोच मिळतो आणि आवाज भरतो. म्हणून या हेडफोनच्या खोक्यात अनेकदा इअरप्लग दिलेले असतात. ते बाजूला टाकून देऊ नका.

कानात बसणाऱ्या प्रकाराचा आवाज, नीट बसला तर, अधिक श्रीमंत असतो. अडचण त्या 'नीट बसला तर'मध्ये आहे. इअरबड आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये थोडं जरी पाणी शिरलं तरी गाणं उशीत तोंड खुपसून गायल्यासारखं होतं. योग्य मापाचं रबरी टोक मिळेपर्यंत दोन-तीन मापं बदलावी लागतात, आणि वळताना भिंतीवरून ढकललं की तेही हलतं.

थोडक्यात, दर्दी श्रोता असाल, कान निरोगी असतील आणि माप जुळवण्याचा धीर असेल तर कानातले. सोय, लवकर घालणं-काढणं आणि कानाच्या छिद्रात काही नको असेल तर हाडावरचे.

बाजारात काय मिळतं?

ही शिफारस नाही, प्रकार लक्षात यावेत म्हणून काही उदाहरणं.

शॉक्झ कंपनीचा ओपनस्विम हा बोन कंडक्शन प्रकारातला. ४ जीबी मेमरी, आयपी६८, बॅटरी कंपनीच्या म्हणण्यानुसार ८ तास. यात ब्लूटूथ मुळीच नाही, त्यामुळे जमिनीवर फोनला जोडता येत नाही. २०२४ मध्ये आलेल्या ओपनस्विम प्रोमध्ये ३२ जीबी मेमरी आणि ब्लूटूथ दोन्ही आहे. २ मीटर खोलीवर २ तास असा कंपनीचा दावा आहे. अमेरिकेत तो सुमारे १८० डॉलरला दाखल झाला होता. भारतातली किंमत आयात आणि विक्रेत्यानुसार बदलते.

फिनिस कंपनीचा ड्युओ हाही हाडावाटे ऐकवतो, पण त्याला मानेमागून जाणारी पट्टी नाही. दोन छोटे तुकडे गॉगलच्या पट्ट्यावर चिमटून गालाच्या हाडावर बसवायचे. मानेमागची पट्टी टोचते अशी तक्रार असणाऱ्यांना ही रचना बरी वाटते.

सोनीचा काही वर्षांपूर्वी आलेला एनडब्ल्यू-डब्ल्यूएस४१३ हा वॉकमन कानात बसणारा, ४ जीबीचा. त्यासोबत पोहण्यासाठी वेगळी रबरी टोकं मिळतात. खाऱ्या पाण्यातही चालतो, असं स्पष्ट सांगणाऱ्या मोजक्या उपकरणांपैकी तो एक.

एचटूओ ऑडिओच्या काही मॉडेलांत एक वेगळी सोय आहे : फोनवर ब्लूटूथने वाजणारी गाणी हेडफोन स्वतःच्या मेमरीत रेकॉर्ड करून घेतो. तासाभराची यादी भरायला तासच लागतो, पण लॅपटॉप नसलेल्यांना हा मार्ग सोयीचा आहे.

याशिवाय ऑनलाइन बाजारात अनोळखी नावांचे, याच धर्तीचे स्वस्त हेडफोन ढिगाने आहेत. त्यातले काही ठीक चालतातही. पण मीटर-मिनिटांचा आकडा, भारतातली वॉरंटी आणि सर्व्हिस सेंटरचा पत्ता या तिन्ही गोष्टी नसतील तर ते पैसे परत येणार नाहीत असं समजूनच घ्या.

आणि गाणी ऐकायची नसून फक्त लय धरायची असेल तर? टोपीखाली ठेवायचा, ठरावीक अंतराने 'टिक' करणारा छोटा टेम्पो ट्रेनर मिळतो. वेग सुधारण्यासाठी पोहणाऱ्यांना गाण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

गाणी आणायची कुठून?

इथे अनेकजण अडकतात. स्पॉटिफाय, जिओसावन किंवा यूट्यूब म्युझिकवर 'डाउनलोड' केलेली गाणी फोनमध्ये दिसतात, पण ती कुलूपबंद असतात. त्या-त्या ॲपशिवाय उघडत नाहीत आणि हेडफोनच्या मेमरीत टाकली तरी वाजत नाहीत. महिन्याचे पैसे भरत असाल तरीही. तुम्ही गाणं विकत घेतलेलं नसतं, ते ॲपमध्ये ऐकण्याची परवानगी घेतलेली असते.

मग पर्याय काय? घरातल्या जुन्या सीडी संगणकावर एमपी३मध्ये बदलून घेता येतात. आयट्यून्स स्टोअरसारख्या ठिकाणी विकत घेतलेली गाणी २००९ पासून कुलुपाविना मिळतात. अनेक पॉडकास्टचे भाग थेट एमपी३ म्हणून उतरवता येतात. लांब अंतर पोहणाऱ्यांना गाण्यापेक्षा गप्पा-गोष्टी बऱ्या वाटतात, हेही ध्यानात घ्या.

भरताना आणखी दोन गोष्टी. या हेडफोनना पडदा नसतो, त्यामुळे गाणं शोधता येत नाही. फाइलच्या नावाआधी ०१, ०२, ०३ असे आकडे टाकले तर सहसा क्रम लागतो. शिवाय बहुतेक उपकरणं लॅपटॉप किंवा संगणक गृहीत धरतात. फक्त फोन असेल तर ओटीजी केबलने फाइल टाकता येतात का, हे विक्रेत्याला आधीच विचारून घ्या.

कानांना आणि जिवाला धोका आहे का?

कानाच्या पडद्याला छिद्र, कानातून पाणी येणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा वारंवार होणारा संसर्ग, यातलं काही असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कानात बसणारा हेडफोन किंवा इअरप्लग वापरू नका. ओलसर कानात रबरी टोक बराच वेळ राहिलं की बाहेरच्या कानाला संसर्ग होऊ शकतो. पोहून आल्यावर कान बाहेरून कोरडे करा, आत काडी घालू नका.

आवाजाचं प्रमाणही महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. आवाज वाढला की ही वेळ झपाट्याने कमी होते. पाण्याच्या खळखळाटात गाणं दबतं आणि हात आपोआप आवाज वाढवण्याकडे जातो. आवाज काठावर, कोरड्या जागी ठरवून घ्या आणि पाण्यात त्याला हात लावू नका.

दुसरा धोका मोठा आहे. पाण्यात आवाज हवेपेक्षा चार पटींहून अधिक वेगाने जातो, सेकंदाला सुमारे १४८० मीटर. त्यामुळे तो आधी कोणत्या कानात पोहोचला, हा सूक्ष्म फरक मेंदूला पकडता येत नाही आणि आवाज कुठल्या दिशेने आला हेच कळत नाही. म्हणजे पाण्याखाली आपले कान आधीच अर्धे गोंधळलेले असतात. त्यात गाणं सुरू आणि कानांत प्लग. मग जीवरक्षकाची शिट्टी, शेजारच्या लेनमधून आलेली हाक किंवा वीज कडाडल्यावर तलाव रिकामा करण्याची सूचना चुकू शकते.

म्हणून काही नियम स्वतःलाच घालून घ्या. पोहायला शिकत असाल तर हेडफोन नको, तिथे प्रशिक्षकाचा आवाज ऐकू यायलाच हवा. लहान मुलांना मुळीच नको. गाण्यांसह पोहायचं ते दोरीने आखलेल्या लेनमध्ये, जीवरक्षक हजर असताना. आज हेडफोन घातला आहे, हे जीवरक्षकाला आधी सांगून ठेवा, म्हणजे तो शिट्टीवर न थांबता हाताने खूण करेल. तलावाच्या नियमांत अशी उपकरणं चालतात का, हेही आधी विचारा.

समुद्र, नदी आणि धरणाच्या पाण्यात हेडफोन घरीच ठेवा. मालवण असो वा अलिबाग, होडीच्या इंजिनाचा आवाज हा तिथला इशारा असतो. खुल्या पाण्यातल्या स्पर्धेची तयारी करत असाल तर आयोजकांचे नियम वाचा आणि सराव कान उघडे ठेवूनच करा.

जास्त दिवस टिकावा म्हणून काय करायचं?

पोहून झाल्यावर हेडफोन लगेच साध्या, गोड्या पाण्याखाली धुवा. मऊ कापडाने पुसा आणि सावलीत वाळू द्या. हेअर ड्रायर किंवा ऊन नको. चार्जिंगच्या पिना पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय केबल लावू नका. ओल्या पिनांतून वीज गेली की त्या फार लवकर गंजतात. जाळीवर पाणी अडकून आवाज बसला असेल तर हलक्या हाताने झटका, टाचणी घालू नका. आणि सील कायम टिकत नाहीत. दोन उन्हाळे रोज वापरलेला हेडफोन नव्यासारखा पाणी अडवेल, अशी अपेक्षा ठेवू नका.

खरेदीआधी या सात गोष्टी तपासा

१. आत मेमरी आहे का, आणि किती जीबी?

२. आयपीएक्स८ किंवा आयपी६८ आहे का, आणि सोबत किती मीटर, किती वेळ ते लिहिलंय का?

३. 'पोहण्यासाठी' हा शब्द कंपनीच्या माहितीपत्रकात आहे, की फक्त विक्रेत्याच्या जाहिरातीत?

४. क्लोरीनच्या आणि खाऱ्या पाण्याबद्दल काय म्हटलं आहे?

५. पाणी शिरून बिघाड झाला तर वॉरंटी लागू होते का?

६. तुमच्या टोपी आणि गॉगलसोबत तो बसतो का? शक्य असेल तर तिन्ही एकत्र घालून बघा.

७. गाणी तुमच्याकडच्या फोनवरून किंवा लॅपटॉपवरून भरता येतात का?

तिसरा आणि पाचवा प्रश्न मी विचारला नव्हता, त्याची किंमत मोजली. विक्रेत्याच्या पानावर पोहण्याचा दावा असेल तर त्याचा स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच काढून ठेवा, कारण पानावरचा मजकूर नंतर बदलू शकतो. दावा खोटा निघाला आणि विक्रेत्याने हात वर केले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये चाप आहे, पण पुरावा तुमच्याकडे हवा.

वडिलांसाठी दुसऱ्यांदा घेतला तो ४ जीबीचा, ब्लूटूथ नसलेला, हाडावर टेकणारा हेडफोन. गाण्यांचा प्रश्न सुटला तो गाडीतल्या पेन ड्राइव्हमुळे. मी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना त्यांच्याच सीडींवरून भरून दिलेली नाट्यगीतं आणि अभंग त्यात अजून होते. ते जसेच्या तसे हेडफोनमध्ये टाकले, नावांआधी आकडे घातले. पहिल्या दिवशी ते वीस मिनिटांचं पोहणं पस्तीस मिनिटं लांबवून बाहेर आले आणि म्हणाले, "सहाव्या नंबरचा अभंग पहिला लाव. पाणी गार असतं तेव्हा तोच पाहिजे."

हल्ली खाडे होत नाहीत. तलावावर पोहोचले की आधी जीवरक्षकाला हात करतात, कानाकडे बोट दाखवतात, आणि मगच पाण्यात उतरतात.